तेल म्हणजे तेल

माझ्या नवऱ्याला एक काम सांगावं आणि नंतर तीन कामं निस्तरावीत, हा आमच्या संसाराचा नियम आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी ओरडले तर कुणी मला कजाग म्हणायला नको.

अब्बास तसे वाईट नाहीत. तीस वर्षं त्यांनी मालवणच्या बंदरात होड्या दुरुस्त केल्या. गुडघे गेले तसे घरी बसले आणि माझ्या शिलाई मशीनचा आवाज मोठा येतो म्हणून तक्रार करू लागले. शेवटी मीच युक्ती काढली. म्हटलं, मी शिवते आणि तुम्ही लाकूड बघा, आपण लोकांचं जुनं फर्निचर नीट करून देऊ. नवं घ्यायची ऐपत नाही आणि जुनं टाकवत नाही, अशा माणसांना आपल्याकडे तोटा नाही. चार महिन्यांत आम्ही दोन दिवाण, एक झोपाळा आणि एका मास्तरांचं मेज नवंकोरं करून दिलं. अब्बास खूश झाले आणि माझं मशीन निमूटपणे चालू लागलं.

मग अपेक्षा नावाची मुलगी आली. ती ओरोसला सरकारी कचेरीत कारकून आहे, तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहते. गावच्या घराच्या माळ्यावरून एक आरामखुर्ची काढून तिने टेम्पोत घातली होती. लाकूड अस्सल सागवान, पण वेत पार फाटलेला, एक पाय डुगडुगता, आणि हातांच्या लांब दांड्यांवर बुरशीचे डाग.

"चाची, आईला आता खाली बसता येत नाही," अपेक्षा म्हणाली. कचेरीतली माणसं सुरुवातीला अशीच पुस्तकी बोलतात. "तिला साखर आहे. गेल्या वर्षी पायाला ठेच लागली, तर ती जखम भरायला तीन महिने गेले. डॉक्टरांनी बजावलंय, अंगावर साधा फोडसुद्धा येता कामा नये. त्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या कडा तिला बोचतात. नवीन मऊ खुर्ची मला परवडणारी नाही, तेव्हा तुम्ही हिचंच काहीतरी करा."

केलं की. वेताच्या जागी जाड नवार ओढली. अपेक्षा आईची एक जुनी हिरवी साडी घेऊन आली होती, धुऊन धुऊन गालाला लावावी इतकी मऊ झालेली. तिच्यात सावरीचा कापूस भरून गादी शिवली, मानेला लोड केला. काठ उरले, ते वाया कसे घालवायचे? त्यांची अपेक्षाच्या घरच्या पडद्यांना किनार लावली आणि पाण्याच्या तांब्यावर टाकायला एक रुमालही निघाला. तो रुमाल बघून माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

लाकडाचं काम अब्बासचं. मी कणकवलीहून अळशीच्या तेलाची बाटली मागवून घेतली, फळीवर ठेवली आणि शिवता शिवता म्हटलं, "घासून झाला की तेल लावा." बस्स, एवढंच म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी खुर्ची टेम्पोने ओरोसला गेली. दांड्या अशा काळ्याभोर आणि तुकतुकीत दिसत होत्या की अब्बासच्या हाताची मी चक्क तारीफ केली. रविवारी अपेक्षाचा मेसेज आला, "आईला खुर्ची फार आवडली. खुर्चीजवळून हलतच नाही." मी तो शेजारपाजारी दाखवला.

सोमवारी सकाळी दोऱ्याचं रीळ काढायला फळीवर हात घातला, तर अळशीच्या तेलाची बाटली हाताला लागली. सील शाबूत. आतलं तेल थेंबभरसुद्धा कमी झालेलं नव्हतं.

"अहो, ही बाटली फोडूक नाय तुमी?" मी विचारलं. अब्बास ओट्यावर बसून पेपर वाचत होते.

"कित्याक फोडू?"

"मगे खुर्चयेक काय लायलास?"

"तेल."

"खयचा तेल?"

"तेल म्हणजे तेल! तूच सांगलंस मा, तेल लावा म्हणान?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोबऱ्याला खोबरेल म्हणतात, अळशीला अळशीचं म्हणतात. पण आमच्या बंदरात होडीवाल्यांच्या तोंडी नुसतं 'तेल' आलं, की ते एकच असतं. काजूच्या टरफलांचं. होडीच्या फळ्यांना ते पाजलं की ना किडा लागत, ना खारं पाणी आत शिरत. आणि तेच तेल ओलं असताना माणसाच्या अंगाला लागलं, की बिब्ब्यासारखं उततं. आधी काही कळतही नाही. दोन दिवसांनी कातडी लाल होते, मग टरारून फोड येतात.

लोक दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालतात. यांनी काजू घातला.

"होडयेक कातडी नसता, मेल्या माणसा!" मी किंचाळले. "त्या दांड्यांर म्हातारी हात ठेवन बसतली!"

"माझ्या हाताक कधी काय झाला नाय," अब्बास म्हणाले.

"तुमचो हात हात आसा काय? पाटो आसा पाटो!"

त्यांनी पेपर खाली ठेवला. हातांकडे बघत राहिले. मला वास कसा आला नाही, असं कुणी विचारेल. तीस वर्षं नवरा त्याच वासाचे कपडे घालून घरी येत होता. मला तो वास आता येतच नाही.

अपेक्षाला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. "आईला खुर्चीत बसवू नकोस" असा मेसेज टाकला, पण त्या दोन टिकल्या काही निळ्या होईनात. सोमवारी सकाळी कचेरीत मीटिंग असते म्हणे. म्हातारीकडे स्वतःचा फोन नाही. क्वार्टर्समध्ये मी कुणाला ओळखत नाही. तेव्हा बुरखा चढवला, पिशवीत खोबरेलाची बाटली आणि जुन्या मलमलचे तुकडे कोंबले आणि निघाले.

"मी पण येतंय," अब्बास उठायला लागले.

"हे गुडघे घेवन? गाडयेत चढासर संध्याकाळ होतली. हयच बसा आणि दुवा मागा."

कसालमार्गे जाणारी गाडी मिळाली. ती गाडी त्या दिवशी प्रत्येक आंब्याखाली थांबली असं मला वाटलं. एका थांब्यावर एक बाई फणसाच्या रोपांच्या पिशव्या चढवत होती, एकेक करून, आणि कंडक्टर तिला रोपांचे भाव विचारत होता. एरवी मीही विचारले असते. त्या दिवशी मी खेकसले, "वरात काढलास काय, इतक्या आरामात चाललास ते?" सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

मनात एकच हिशोब चालला होता. शनिवार रात्र, रविवार, आणि आज सोमवार. दोन दिवस झाले. 'खुर्चीजवळून हलतच नाही' हे जे वाक्य मी काल मिरवलं, ते आता कानात घण घालत होतं. अपेक्षाने विश्वासाने आईची साडी माझ्या हातात दिली होती. पुन्हा तीन महिने जखमा धूत बसावं लागलं त्या म्हातारीला, आणि कुणी विचारलं की हे कुणी केलं, तर माझं नाव निघेल. खरं सांगते, आधी मला माझ्या नावाचीच भीती वाटली. म्हातारीच्या हातांचा विचार कसाल मागे पडल्यावर आला. याची लाज मला अजून वाटते.

ओरोसला उतरून क्वार्टर्स शोधत जवळजवळ पळतच गेले. माझ्या वयात आणि माझ्या वजनात पळणं म्हणजे काय, ते बघणाऱ्यांनाच ठाऊक. तळमजल्यावरचं घर. खिडकीत माझे हिरव्या किनारीचे पडदे दिसले, म्हणून ओळखलं.

अंगणात उन्हामध्ये खुर्ची होती. पण तिच्यात कुणी नव्हतं. गादी नव्हती, लोड नव्हता, आणि माझी ती तुकतुकीत खुर्ची नखशिखांत राखेने माखलेली होती, चुलीतून ओढून काढावी तशी. बाजूला सावलीत, त्या बोचऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, अपेक्षाची आई, सुभद्राकाकी, बसली होती. मांडीवर माझा हिरवा लोड आणि हातात कोंबड्या हाकलायची काठी.

"काकी! तुमी हेच्यात बसलास काय?" मला धाप लागली होती. "हात बघू! हात दाखवा!"

"आरिफा ना तू? अपेक्षान फोटो दाखवलो तुझो," म्हातारी शांतपणे म्हणाली. "बस आधी. मरशीत."

मी तिचे हात ओढून घेतले. उलटे केले, सुलटे केले, कोपरापर्यंत बघितले. सुरकुत्या होत्या, जुने काळे डाग होते. फोड नव्हता. एकही नव्हता. मी तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. बरं वाटण्याचंही एवढं रडू येतं हे मला माहीत नव्हतं.

"खुर्ची दारात इली आणि वास इलो," काकी म्हणाली. "पंचवीस वर्सां काजी फोडलंय गो मी, कारखान्यात. हो वास माका झोपेतय कळतलो. हे बघ." तिने बोटांची टोकं माझ्यापुढे धरली. गुळगुळीत, एकाही रेषेविना. "ठसो रवलो नाय. आधारकार्ड काडूक गेलंय तर ती मशीन म्हणता, हयसर माणूसच नाय!"

"मगे फोन तरी करूक सांगूचो होतो अपेक्षाक."

"आणि ती काय बोलली असती तुका? माझ्या दुखण्यापुढे त्या चेडवाक काय सुचत नाय. दोन रोजात तुझो धंदो बंद केल्यान असतो तिना." काकीने काठीने एक कोंबडी हुसकली. "म्हटलंय, तेलच तर आसा. हातांक आधी राख चोळलंय, कारखान्यात चोळत होतंव तशी, मगे खुर्चयेक चोळलंय. आठ दिस ऊन दिलंय की सुकतला. मगे बसतंय आरामात."

"अपेक्षान विचारूक नाय, राख कित्याक?"

"विचारल्यान. मी सांगलंय, ढेकूण जातत राखेन."

"ढेकूण?" माझं रडू जागच्या जागी थांबलं. "माझ्या खुर्चयेत ढेकूण? काकी, अख्ख्या ओरोसात माझी अब्रू घालवलास!"

"तेलापरास ढेकूण बरे," काकी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. ती तर इतकी हसली की लोड मांडीवरून खाली पडला.

अपेक्षा जेवायच्या सुट्टीत येणार होती. मी ठरवलं, तिला सगळं खरं सांगायचं, ती काय बोलेल ते ऐकून घ्यायचं आणि खुर्ची परत नेऊन घासून द्यायची. काकीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "सांग. पण मी आसतंय तेवाच सांग."

मग मला अब्बासची आठवण झाली. फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला. मी बोलायच्या आधीच काकीने माझ्या हातातून फोन घेतला.

"अब्बास? मी सुभद्रा बोलतंय. माका काय एक झाला नाय रे. हात बरे आसत माझे." मग खुर्चीकडे बघत म्हणाली, "आणि तेल बाकी बरा लायलंस हां. एक सांद सोडूक नाय. ह्या खुर्चयेक आता शंभर वर्सां वाळवी लागाची नाय."

तिने फोन कानापासून जरा लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"रडता गो तो," ती हळूच म्हणाली. "ठेवू नको, रवांदे थोडो वेळ." आम्ही दोघी फोन तसाच धरून बसलो.