काचेखालचं कार्ड

मुलींच्या वसतिगृहाची मी अकरा वर्षं रेक्टर आहे. पाठीमागे मुली मला तोफ म्हणतात. ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा माझा स्वभाव, त्यामुळे माझ्या खोलीत गप्पा मारायला कुणी फिरकत नाही. नळ गळतोय, बल्ब गेलाय, किल्ली हरवली, असलं काही असेल तरच येतात.

त्यांतल्या एकीची किल्ली महिन्यातून दोनदा हरवायची, म्हणून मी तिचं नावच किल्ली पाडलं होतं. दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्र घेतलेलं. नुसती दारात येऊन उभी राहायची. मी फळ्यावरची जादा किल्ली काढायची, चार शब्द सुनावायची आणि तिच्या हातात ठेवायची.

त्या मंगळवारी दुपारी ती आली तेव्हाही मी किल्ली पुढे केली. तिने घेतली नाही. समोरच्या खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दर सत्राच्या सुरुवातीला कॉलेजच्या समुपदेशक बाई, ज्या ग्रंथालयामागच्या खोलीत बसतात, आम्हा सगळ्यांना दोन तास बसवून एकच गोष्ट घोकून घेतात. मुलीवर कुणी हात टाकला आणि ती त्यांना किंवा कॉलेजच्या डॉक्टरांना सांगायला गेली, तर ते तिथेच राहतं. नुसतं बोलायचं, तक्रार करायची की पोलिसांत जायचं, हे ती ठरवते, हवा तेवढा वेळ घेऊन. बाकी आम्हाला, म्हणजे शिक्षक, रेक्टर, ग्रंथपाल यांना कळलं, की चोवीस तासांत कॉलेजच्या तक्रार समितीला लेखी कळवावंच लागतं. म्हणून तिने तोंड उघडायच्या आत तिला थांबवून एक वाक्य सांगायचं. त्या वाक्याचं कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. ‘तू मला सांगशील ते मला कळवावं लागेल. ते नको असेल तर ग्रंथालयामागच्या खोलीत जाऊ, मी सोबत येते.’

यावरून मी बाईंशी वाद घातला होता. रडत आलेल्या पोरीला आधी नियम वाचून दाखवायचे, आपण माणसं आहोत की तिकिटाची खिडकी, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. लोक हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या वेळी तिच्या हातात तेवढा एकच निर्णय उरलेला असतो, तो तरी तिला घेऊ द्या.

मी ते वाक्य म्हटलं नाही. विसरले म्हणाले तर खोटं होईल. अकरा वर्षांत पहिल्यांदा तोफेसमोर कुणीतरी रडायला बसलं होतं, आणि थांबवलं तर उठून जाईल अशी मला भीती वाटली. शिवाय बरं वाटलं, की ही माझ्याकडे आली. त्या बरं वाटण्याची मला आज लाज वाटते. मी दार लोटलं, पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, बोल बाळा.

ती बोलली. प्रयोगशाळेत तिला मदत करणारा शेवटच्या वर्षाचा मुलगा, शनिवारची दुपार, आतून लावलेली कडी. नावासकट सगळं सांगितलं. मग डोळे पुसून म्हणाली, “आता जरा मोकळं वाटतंय. मॅडम, हे कुणाला कळणार नाही ना?”

मी कार्डाकडे पाहिलं. तिचा पेला बरोबर त्याच्यावर होता.

मग मी सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “मी नको म्हटलं तर?” तिने विचारलं. मी तिला लगेच बाईंकडे घेऊन गेले. समितीचं बोलावणं आलं तरी बोलायची सक्ती नाही, गेलीस तर सोबत कुणालाही नेता येतं, हे त्यांनी तिला शांतपणे समजावलं. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद लिहून दिला.

समितीचं पत्र बंद पाकिटात, तिच्याच नावाने आलं. तिने आईलासुद्धा अजून सांगितलं नव्हतं. आधी आई, मग जमलं तर बाकीचे, असं तिच्या मनात होतं. ती समितीपुढे गेलीच नाही. ‘बोलण्यास तयार नाही’ एवढा शेरा मारून त्यांनी फाइल मिटवली. तो मुलगा अजून आमच्या फाटकावरून जातो, काखेत पुस्तकं घेऊन.

सत्र अर्ध्यावर असतानाच ती घरी निघाली. बॅग दारात ठेवून आत आली आणि किल्ली टेबलावर ठेवली. या वेळी हरवली नव्हती. मला माफी मागायची होती, ‘अगं’ म्हणून मी सुरुवात केली.

“तुम्ही वाईट नाही, मॅडम,” ती म्हणाली. “पण त्यानंही मला विचारलं नव्हतं.”

ती गेल्यावर मी खुर्चीतून उठले. मग किल्ली फळ्यावर टांगली.

परवा एक मुलगी आली आणि दारातच रडायला लागली. मी हात वर करून आधी ते वाक्य म्हटलं. डोळे पुसून ती म्हणाली, जाऊ या. मी तिला ग्रंथालयामागच्या दारापर्यंत सोडलं आणि परत आले. तिचं काय झालं होतं, मला माहीत नाही.