कडी न लावणाऱ्या बायका

बाथरूममध्ये मग पडला. प्लास्टिकचा मग फरशीवर आपटून दोनदा उडाला, इतकाच आवाज. पण त्याआधीची शांतता मी मनात मोजत होते आणि नऊपर्यंत आले होते, म्हणून खुर्चीवरून अशी उठले की मांडीवरचा जबडा खाली गेला.

जबडा प्लास्टरचा होता. दातांच्या लॅबमध्ये मी कवळ्या बनवते. मुलगी झाल्यापासून लॅबवाले काका मला मेणाचं काम घरी आणू देतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेण तापवायची सुरी आणि कुणा अनोळखी माणसाचा जबडा. त्यावर मेणाची पट्टी लावून एकेक दात बसवायचा. त्या दिवशी वरचे सहा झाले होते. त्यातले पुढचे दोन निखळून फ्रिजखाली गेले.

बाथरूमचं दार लोटलेलंच होतं. आमच्या घरातली कुठलीच बाई बाथरूमची कडी लावत नाही. माझी आई आतून दाराला बादली लावते. मी तर तेही करत नाही. लग्नानंतर सासरी यावरून जे काही झालं, ते सांगण्यासारखं नाही. आम्ही तिकडे गेलो की सासरेबुवा अजूनही खोकल्याशिवाय त्या बाजूला फिरकत नाहीत.

आत माझी सहा वर्षांची मुलगी ओल्या फ्रॉकमध्ये उभी होती. तिने मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं.

"तू आहेस ना?"

"असणारच की. कुठे जाणार मी?"

"मी थांबले होते. पुढचं आठवेना."

"नाही आठवलं तर नाही. त्यात काय एवढं?"

"तुला काही झालं नाही?"

मी हसले. आज ते हसू आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

आमचा एक खेळ होता. बाथरूममध्ये गेलं की गायचं, आणि बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. मला तो माझ्या आईने शिकवला होता आणि मी तो जसाच्या तसा मुलीला शिकवला. लहानपणी मला त्यात गंमतच वाटायची. माझा भाऊ आतून मुद्दाम भसाड्या आवाजात गायचा आणि आई बाहेरून म्हणायची, "पुरे रे, शेजारी घर सोडून जातील." मुलीचं नाव तर आईने 'रेडिओ' असंच पाडलं होतं.

आमच्या घराण्याची आणखी एक सवय सांगायला हवी. स्वप्न पडलं की ते सकाळी पारोशा तोंडाने आईला सांगायचं, चूळ भरायच्या आधी. आता ती दोन तासांवर राहते, म्हणून फोनवर. आई त्याचा अर्थ सांगते, आणि तो नेहमी चांगलाच असतो. घाबरवणारं स्वप्न तिच्या हातात दिलं की ती ते झटकून, घडी घालून परत देते. एकदा माझे सगळे दात पडल्याचं स्वप्न पडलं. मी रडवेली झाले होते. आई म्हणाली, "अगं, तुझ्या धंद्याला बरकत आहे. ऑर्डर येणार मोठी." वर्षातून चार-पाचदा मला एक बंद दार दिसतं. पलीकडून कुणीतरी बोलत असतं आणि माझ्या हाताला कडी सापडत नाही. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "बंद दार म्हणजे घर सुखरूप. ऊठ, चहा ठेव." स्वतःचं स्वप्न मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही. तिला ती पडतच नाहीत, अशी आमची समजूत होती.

मग पडला त्यानंतरच्या आठवड्यात मुलीला ताप भरला. लघवीला जळजळ, पोटात दुखतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "पाणी पिते का ही?" मी म्हटलं, पिते की. संध्याकाळी शाळेतल्या बाईंचा फोन आला.

"ती दिवसभर बाथरूमला जात नाही. महिना झाला असेल. पाणीही पीत नाही, म्हणजे जावं लागू नये. बाटली भरलेली परत येते, तुमच्या लक्षात नाही आलं?"

आलं होतं. भरलेली बाटली मी रोज संध्याकाळी कुंडीत ओतत होते. झाड छान वाढलं होतं.

"एकदा गेली होती," बाई सांगत होत्या, "पण आत मोठमोठ्याने गायला लागली. बाहेर रांगेतल्या मुली हसल्या, मावशींनी दटावलं, गप्प बस म्हणून. तेव्हापासून जात नाही. मी विचारलं तर म्हणते, न गाता गेलं तर आईला काहीतरी होईल. घरी काही झालंय का हो?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

हिचे बाबा फिरतीवर होते. रात्रभर मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि मनातल्या मनात बाईंना उत्तरं देत होते. एकही धड जमलं नाही.

सकाळी ताप उतरला. डोळे उघडल्या उघडल्या ती म्हणाली, "आजीला फोन लाव. मला स्वप्न पडलंय."

मी फोन लावून उशीवर ठेवला. पलीकडून आईचा खणखणीत आवाज आला, "काय गं रेडिओ, बॅटरी उतरली म्हणे तुझी?"

"आजी, मी आत होते. माझं गाणं संपलं आणि मला दुसरं येईना. मग मी बाहेर आले तर आई नव्हती. टेबलावर नुसते दात होते. खूप. मी शोधत होते, पण त्यातले आईचे कुठले ते मला ओळखता येईना."

मला आधी हसूच आलं. मी वाट पाहू लागले, की आता आई म्हणेल, तुझ्या आईला मोठी ऑर्डर येणार.



"आजी, अर्थ सांग ना."

"ठेवते हं बाळा. दूध उतू जातंय माझं."

फोन बंद झाला. आई कोरा चहा पिते. तिच्या घरात दूध नसतं.

दुपारी दोन वाजता ती दारात उभी होती. हातात एक पिशवी आणि पायात घरात घालायच्या चपला. औषध घेऊन मुलगी झोपली होती. आई तिच्याजवळ जरा वेळ उभी राहिली, मग स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसली. प्लास्टरचा जबडा तिने सावकाश बाजूला सरकवला.

"अर्थ सापडला का?" मी विचारलं. मला टोमणाच मारायचा होता.

"अर्थ कसला. ते माझं स्वप्न आहे."

"काय?"

"दात नाही गं. बाकीचं. गाणं थांबतं आणि आई नसते." ती टेबलावर सांडलेलं मेण नखाने खरवडत होती. "तुझी आजी लंगडायची, आठवतं तुला?"

"पडली होती ना ती? बाथरूममध्ये?"

"हो. मी सात वर्षांची होते. बाबा कामाला गेलेले. ती आंघोळीला गेली, कडी लावली आणि धाडकन आवाज आला. खुबा मोडला होता. तिला हलता येईना आणि माझ्याच्याने दार उघडेना. घराच्या दाराची कडी उंच, तिथे माझा हात पोचत नव्हता."

"तू घरात होतीस हे कधी बोलली नाहीस."

"आता बोलतेय ना, ऐक. ती आतून म्हणाली, गात राहा बाळा. तुझा आवाज आला की मला गुंगी येणार नाही. मी गायले. शाळेतलं सगळं गायले. ते संपलं तेव्हा पाढे चालीवर म्हटले. मग थांबले. सगळ्यांना मी सांगितलं, मला झोप लागली. एवढीशी पोर, लागणारच झोप, असं म्हणाले सगळे."

मेणाचा आणखी एक तुकडा तिने नखाने उचकटला.

"झोप नव्हती लागली. मला कंटाळा आला होता. समोरच्या गच्चीत एक बाई गाद्या झटकत होती. मी खिडकीत जाऊन ते बघत बसले. आई हाका मारत होती, आधी मोठ्याने. मी म्हटलं, जाऊ थोड्या वेळाने. मग हाका थांबल्या. संध्याकाळी बाबा आले, दार तोडलं, तेव्हा तिला शुद्ध नव्हती."

"पण वाचली ना, आई. किती वर्षं जगली त्यानंतर."

"अठ्ठावीस. आणि अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही, तू का थांबलीस म्हणून. विचारलं असतं तर सांगून तरी टाकलं असतं." तिने मेणाची गोळी करून टेबलावर ठेवली. "त्या गाद्यावाल्या बाईला हाक मारता आली असती. तेही सुचलं नाही मला. तीस वर्षांनी सुचलं, एक दिवस भाजी चिरताना."

फ्रिज घरघरून बंद झाला. मला तिचा हात धरायचा होता, पण माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"मग आम्हाला कशाला गायला लावलंस? आम्ही काय केलं होतं?"

"तुम्ही आत आणि मी बाहेर. तुमचा आवाज आला की वाटायचं, या खेपेला मी जागेवर आहे." तिने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. "मला वाटलं, गाणंच तर आहे. गाण्यातून काय लागणार आहे पोरांना?"

मला एकदम सगळं दिसलं. मुलीला यातलं अक्षरही कुणी सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं, तर सांगणार कोण? तिने एवढंच पाहिलं होतं, की आपण थांबलो की आई पांढरीफटक पडून धावत येते. दर वेळी. त्यावरून तिने तिचा अर्थ लावला. त्यात तिचं काय चुकलं?

"तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस," आई म्हणाली. "तुला भीती माझ्याकडून आली. तू काय करणार?"

इथे मी गप्प बसले असते तर चाललं असतं. सगळा दोष गाठोडं बांधून आईच्या पिशवीत टाकता आला असता आणि तिने तो नेलाही असता, न कुरकुरता. पण ती त्या चपलांत दोन तास बसमधून आली होती.

"भीती तेवढी तुझी आहे," मी म्हटलं. "बाकीचं माझं. ती गात असली ना आई, की मला वर बघावं लागत नाही. ती आत आहे, सुखरूप आहे, हे कानाला कळतं आणि हात चालू राहतात. दहा मिनिटांत दोन दात बसतात. कधीकधी तिला लागलेली नसते तरी मीच म्हणते, जाऊन ये गं जरा आत. आणि मोठं गाणं म्हण."

आई माझ्याकडे बघत राहिली. चांगला अर्थ लावायची तिची सवय मला ठाऊक आहे. ओठ हललेही तिचे.

"याचा काही चांगला अर्थ मला जुळवता येत नाही बाई," ती शेवटी म्हणाली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. त्या हाताला मेणाचा वास येत होता.

साडेचारला मुलगी उठली. आजीला बघून खूश झाली, मग पाय एकमेकांवर आवळून उभी राहिली. मी तिच्यापुढे खाली बसले.

"लागलीय ना? जा. पण आजपासून गायचं नाही. तो खेळ संपला."

तिने आधी माझ्याकडे, मग आजीकडे पाहिलं. "आणि मग तुला?"

"मला काही होत नाही. कधीच होत नव्हतं. मी उगाच धावत यायचे. चूक माझी होती, तुझी नव्हती. मी इथे बसते, दाराबाहेर. बघायचं असलं तर मध्येच डोकावून बघ."

"आजी पण?"

"मी पण," आई म्हणाली आणि गुडघे धरत, हाय-हुय करत माझ्या शेजारी फरशीवर टेकली. "उठवायला मात्र क्रेन मागवा."

मुलगी आत गेली. दार लोटलं गेलं. आतून काहीच आवाज नाही. माझे हात मांडीवर रिकामे पडले होते, त्यांचं काय करावं ते समजत नव्हतं. मी मोजायला लागले तशी आईने माझं मनगट धरलं. नऊ झाले, वीस झाले. दार बोटभर उघडलं, एक डोळा दिसला, दोघींना मोजून परत आत गेला. मग पाण्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने ती बाहेर आली, हात फ्रॉकला पुसत.

"आहात," ती म्हणाली.

"आहोत."

"मी एकदापण नाही गायले."

"ऐकलं मी. शहाणी माझी."

ती माझ्या मांडीत येऊन बसली. अंग अजून कोमट होतं. आईने तोंड पलीकडे वळवून पदराने नाक पुसलं. मुलगी माझ्या बोटांना चिकटलेलं मेण सोलून काढत होती, एकेक पापुद्रा, मन लावून.

"म्हणजे आता ती गाणी कुणी नाही म्हणणार?"

"तुला वाटलं तर म्हण की. कुठेही म्हण."

"त्यात मी स्वतः केलेली पण होती. पुष्कळ होती. एक तुझ्यावर होतं, ते मी रोज म्हणायचे." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आई, तुला त्यातलं सगळ्यात कुठलं आवडायचं?"