म्हशीनं खाल्लेली कोडी

“आता जे सांगतो त्यावर तुमचा कुणाचा विश्वास बसायचा न्हाई,” पोपटरावांनी सुपारी गालात सरकवली. “अनुपमाची ती निळी डिस्क आपल्या म्हशीनं खाल्ली.”

ओट्यावर उन्हात टेकलेला शेजारचा सावळाराम सावरून बसला. दारात लेक अनुपमा उभी होती. रांजणगावच्या कंपनीत तिची दुपारची पाळी, त्यामुळं सकाळ तिची. दर डिसेंबरात पंचवीस तारखेपर्यंत नेटवर रोज सकाळी साडेदहाला एक कोडं यायचं, ते सोडवायला ती प्रोग्राम लिहायची. नऊ वर्षांची उत्तरं तिनं त्या डिस्कवर लावून ठेवली होती. नेटवर टाकली तर लोक उचलतात, म्हणून दुसरीकडं कुठंच नाही. प्रत्येक उत्तराखाली शेरा असायचा: ‘तीनदा चुकलं. मधेच आईनं वाटाणे सोलायला बसवलं.’ यंदाचं एक कोडं जुन्या एकाच्या वळणावर गेलं होतं. तीन दिवस ती डिस्क मागत होती आणि तीन दिवस पोपटराव ‘शोधतो’ म्हणत होते.

शोधायचं काय त्यात? मे महिन्यात थोरल्या लेकाच्या, सत्यजीतच्या लग्नात केडगावचा शूटिंगवाला म्हणाला होता, व्हिडिओ भरायला डिस्क तुमची द्या. नवी आणायला सवड कुणाला? कपाटात सापडली ती दिली. आता तिच्यात हळद होती, वरात होती आणि फेटा सावरत नाचणारे पोपटराव होते.

“डिस्क कशी खाईल वो ती?” सावळाराम म्हणाला.

“घमेल्यात पडली, पेंडीबरोबर गेली. पर तवापास्नं बघ तू तिला. उसात सोडली तर सगळ्यात जवळची वाट धरून गोठ्यात. परवा दौंडाकडं नेली, तर मधेच वळली आन् पुलाखालनं निघाली. पुढं जाऊन बघतो तर रेल्वेचं फाटक बंद.”

सावळाराम हसला. एरवी अनुपमा सगळ्यांच्या आधी हसायची. पोपटरावांनी तिच्याकडं बघायचं टाळलं.

एका साली ती अडली होती. ढीगभर कामं, कुठलं आधी नि कुठलं मागनं, असं कायसं कोडं होतं. पाटाच्या पाण्याची पाळी लावावी तसं त्यांनी सांगितलं, “ज्याच्या आधी कुणी न्हाई, त्याचं दार आधी उघड. मग त्याच्या खालच्याचं.” तिनं तसंच लिहिलं, उत्तर बरोबर आलं, आणि खाली शेरा घातला: ‘हे आबांचं.’ तो तिनं मोठ्यानं वाचूनही दाखवला होता. डिस्क देताना एवढं एक आठवलं असतं तर.

“आन् दूध?” सावळारामनं विचारलं.

“दूध? डिसेंबर लागल्यापास्नं रोज एक धार जास्त. पंचवीस तारखेपातूर.”

“आबा,” अनुपमा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “डिस्क वहिनीच्या कपाटात हाय. मी काल बघितली. मग शूटिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पुसायच्या आधी मी विचारलं होतं, यात कामाचं काय हाय का. तुम्ही म्हणालात, पोरीचा खेळ हाय, काढून टाका.”