सोडायचा शब्द

कुत्र्यांच्या वर्गात आम्हा माणसांना नावं नव्हती. आठ रविवार मी 'ढब्ब्याची आई' होते आणि शेजारचे टकले वकील 'पिंकीचे बाबा'. पिंकी मुठीएवढी, खिशात मावेल अशी. ढब्ब्या पंचावन्न किलोचा. माझ्या पोटाशी झोळीत सहा महिन्यांची लेक आणि हातात पट्टा. एकीकडून ही दूध मागायची, दुसरीकडून तो रेड्यासारखा ओढायचा, आणि मधल्या मधे माझे खांदे निखळायचे.

ढब्ब्या माझ्या बाबांचा. बाबा गेले तेव्हा तो आमच्या दोन खोल्यांत आला. त्याने आनंदाने शेपूट हलवलं तरी टेबलावरचे कप खाली यायचे. तेही चाललं असतं. पण एका सकाळी बेल वाजली, हा दाराकडे सुसाट निघाला आणि वाटेत सासूबाई होत्या. त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या पोर रांगायला लागेल. हा तिच्यावर बसला की मग मला बोलवू नका."

नवऱ्याने त्याच दिवशी निकाल दिला. "आठ आठवड्यांचा वर्ग असतो म्हणे. शेवटी परीक्षा. पास झाला तर राहील, नाहीतर जाईल."

"शब्द?"

"अगं, दिला शब्द."

वर्ग भरायचा एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागे, पार्किंगमध्ये. शिकवणाऱ्या बाई गुडघ्यांनी अधू होत्या, पण त्यांनी नुसती मान वळवली की सात कुत्रे गप्प व्हायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "कुत्रा महिन्यात शिकतो. माणसांचंच काही सांगता येत नाही. पुढच्या वेळी घरातल्या सगळ्यांना आणा."

नवरा एकदाही आला नाही. आठवडाभर तो राबतो, रविवारी त्याला झोप हवी असते. मला कधी हवी असते, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

तिसऱ्या रविवारी वाडग्याचा धडा होता. खाणं समोर ठेवायचं, 'थांब' म्हणायचं, आणि आपण सोडेपर्यंत त्याने तोंड लावायचं नाही. "सोडायचा शब्द असा निवडा, की घरात कुणी सहज बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "पिंकीच्या बाबांनी 'घे' निवडलाय. आता कोर्टात कुणाला म्हणतील 'फाइल घे', आणि घरी पिंकी भांडं चाटूनपुसून मोकळी."

"पिंकी कोर्टात येत नाही हो!" वकील म्हणाले.

"तुम्ही तरी घरी जाता का वेळेवर?" बाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. मीही हसले, खूप दिवसांनी.

मी निवडला बाबांचा शब्द. स्क्रू घट्ट बसला, शर्टाचं बटण शिवून झालं, पेपरातलं कोडं सुटलं की बाबा म्हणायचे, "फत्ते!" ढब्ब्याने पिल्लू असल्यापासून तो ऐकलेला. मी पहिल्यांदा म्हटला तेव्हा त्याने वाडग्याकडे बघायच्या आधी दाराकडे बघितलं.

पंधरा दिवस स्वयंपाकघराच्या फरशीवर लाळेची तळी साचली. मग जमलं. इतकं जमलं, की शेजारी उंच खुर्चीत बसणारी माझी लेकही शिकली. मी 'फत्ते' म्हटलं की ढब्ब्याचं तोंड वाडग्यात आणि हिचं तोंड आ. "बरं आहे," सासूबाई म्हणाल्या, "दोघं एकाच शाळेत." त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने त्याला पोळीचा तुकडाही टाकला. मला वाटलं, जिंकलो आपण.

परीक्षेत त्याला तीन मिनिटं एकट्याने बसायचं होतं. मी भिंतीआड उभी राहून एकशेऐंशीपर्यंत मोजत होते. ब्लाउज दुधाने भिजला होता. परत आले तर हा दगडासारखा बसलेला, नुसते डोळे माझ्या वाटेवर. बाईंनी पास केलं. वकिलांनी त्याचं चित्रण करून मला पाठवलं. मी नवऱ्याला पाठवलं. तीच माझी चूक.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून शीळ घालत आला. "साहेबांना दाखवलं. वेडे झाले! त्यांना हवाय ढब्ब्या."

"हवाय म्हणजे?"

"बंगला आहे, मागे अंगण आहे. मजेत राहील."

"तू शब्द दिला होतास."

"तेव्हा तो कुणालाच नको होता गं. आता साहेबांना नाही कुठल्या तोंडाने म्हणू? आणि तुझंच कौतुक आहे ना हे? शिकवलेला आहे म्हणून तर मागितला."

सासूबाई वाटाणे सोलत राहिल्या.

शनिवारी गाडी आली. ढब्ब्या चढेना. तिघांनी ढकलून झालं, मग नवरा म्हणाला, "तू सांग त्याला. तुझंच ऐकतो." मी सांगितलं. चढ. बस. थांब. त्याने सगळं ऐकलं.

साहेबांसाठी मी पानभर सूचना लिहून दिल्या. कानातलं औषध, फिरायच्या वेळा, मिक्सरच्या आवाजाला घाबरतो. सोडायचा शब्द तेवढा लिहिला नाही. विसरले नव्हते.

सोमवारी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला. "वहिनी, दोन दिवस अन्नाला शिवलेला नाही हो. वाडग्यासमोर बसून नुसती लाळ गाळतो."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. परत पाठवतील, हाच विचार आला. तो तिथे उपाशी बसलाय, हा नंतर.

"उद्यापर्यंत बघतो," साहेब म्हणाले, "नाहीतर भावाच्या गोदामावर पाठवतो. तिथे साखळीला बांधला की झक मारत खाईल."

नवरा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "फोन त्याच्या कानाशी धरा."

आधी ओला श्वास ऐकू आला. "ढब्ब्या," मी म्हटलं. नखं फरशीवर खरखरली.

"फत्ते."

वाडगं घसरत गेल्याचा आवाज आला.

"कमाल आहे!" साहेब मोठ्याने हसले. "असं करा वहिनी, हे रेकॉर्ड करून पाठवा. रोज वाजवू. सवय झाली की मग मीच म्हणत जाईन."

फोन ठेवून नवरा म्हणाला, "हे कागदावर का नव्हतं?"

"राहिलं."

"माझी अब्रू जायची वेळ आली होती."

मी त्याचा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. पहिल्यांदा 'ढब्ब्या' एवढंच म्हणून मी रेकॉर्डिंग बंद केलं. दुसऱ्यांदा बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "कुणाशी गं बोलतेस?" तिसऱ्यांदा स्वच्छ आलं. "ढब्ब्या, फत्ते."

खुर्चीत बसलेल्या लेकीने लगेच तोंड उघडलं. तिची खिमट ओट्यावर गार झाली होती. मी तिच्यासमोर फोन धरून उभी होते, आणि ती आ करून वाट बघत होती.