नॉर्मल रिपोर्टचा चमत्कार

सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर स्पंदन महाराज, पुढे चौरंग, चौरंगावर बोटाएवढा दिवा. रोग्यानं त्यावर हात धरला की दिवा लाल लुकलुकायचा आणि सगळे हात जोडायचे.

"तुमच्या पेशींना उलटे हुकूम जातायत!" महाराज गरजत. "मी ते सुलटे करतो. गोळ्या सोडा!"

रांगेत माझे पेशंट नागोराव दिसले आणि मी हादरलो. त्यांना रक्ताचा कर्करोग. पेशीतलं एक प्रथिन बिघडून अडकलेल्या बटणासारखं चालूच राहिलेलं. पेशींना सारखं 'वाढा, वाढा' सांगणारं. तेव्हा नुकतीच निघालेली एक गोळी नेमकं त्यालाच गप्प बसवते. मात्र ती रोज घ्यावी लागते.

मी चौरंगाशी गेलो आणि मोबाइलवरून दवाखान्याला फोन लावला. कोणाचाही हात नसताना दिवा लुकलुकला.

"महाराज, आता कोणाच्या पेशी बिघडल्या? चौरंगाच्या?"

जवळच्या मोबाइलवरून फोन लागला की चमकणारे असले दिवे तुळशीबागेत ढिगानं मिळत. महाराजांच्या कफनीतूनही मोबाइल निघाला.

नागोरावांची मुलगी रुपाली उठली. ती आयटीत, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी.

"दिवा खोटा असेल, डॉक्टर. पण बाबूजींचा रिपोर्ट नॉर्मल आलाय. तोही खोटा?"

"खरा आहे. गोळीमुळे आलाय. महाराज आधी रिपोर्ट मागतात आणि नॉर्मल असलेल्यांनाच रांगेत घेतात, हे नाही दिसलं?"

"नॉर्मल आल्यावर गोळी कशाला?"

"ते प्रथिन गप्प बसलंय, गेलेलं नाही. गोळी थांबली की पुन्हा सुरू होईल."

नागोराव हसले. "मले बरं वाटते, डॉक्टरसाहेब. रिपोर्ट नॉर्मल आला अन् गोळी तं दिवाळीलेच सोडली. जेवण तेवढं जात नाही. डाव्या बरगडीखाली जड लागते."

मी तिथंच त्यांचं पोट चाचपलं. डाव्या बरगडीखालची प्लीहा बेंबीपर्यंत वाढली होती. रोग परतला होता.

गोळी पुन्हा सुरू केली, पण तोवर प्रथिनाचा आकारच बदलला होता. गोळी त्यात बसेना. दुसरं औषध तेव्हा बाजारात नव्हतं. "डोस वाढवू या का?" रुपाली विचारायची. मी वाढवला. उपयोग शून्य. पावसाळ्याच्या आत नागोराव गेले. महाराजांनी दिवा बदलला आणि कार्यालय पुन्हा भरू लागलं.

मला फार वाईट वाटतं, आणि रागही येतो. पण आता मी वाद घालत नाही, रोग्यांना हात जोडून सांगतो. बरं वाटलं तर ते कशानं वाटलं, एवढं विचारा. अंगारा लावा, नवस बोला, महाराजांना हारही घाला. गोळी तेवढी सोडू नका.