पालखी जड झाली

माझी सुचिता गेम बनवते. गावात हे सांगितलं की बायका "म्हणजे नक्की काय करते?" असं विचारतात, आणि उत्तर ऐकायच्या आधीच तिच्या लग्नाचं काढतात. मला स्वतःलाही कळायला वेळच लागला. जानेवारीत ती मला मुंबईला गेम बनवणाऱ्यांच्या एका मेळ्याला घेऊन गेली, तिथे तिचं टेबल होतं. मोठा हॉल, आणि त्यात कोणी शिंगं लावलेलं, कोणाचे केस निळे, कोणाच्या पाठीला पुठ्ठ्याची तलवार. सगळी शिकलीसवरलेली पोरं, गेममधली सोंगं घेऊन आलेली. सुचिता हळूच म्हणाली, आई, घाबरू नकोस. मी कशाला घाबरते? आमच्याकडे शिमग्यात संकासुराचं सोंग उंच काळी टोपी चढवून अंगावर धावून येतं. हा शिमगाच होता, फक्त तिकीट लावलेला.

तिचा गेमही शिमग्याचाच. ग्रामदेवीची पालखी खांद्यावर घ्यायची आणि घरोघर न्यायची. तोल सांभाळायचा, बांधावरून घसरायचं नाही, आणि एकही घर चुकवायचं नाही. घर चुकवलं की पालखी जड होते, जागची हलत नाही. त्या दारात जावंच लागतं. हे काही तिने मनाने रचलेलं नाही. देवीच्या मनात नसलं की आमच्याकडे पालखी खरंच जड होते, भोयांना पाऊल टाकता येत नाही, मग गाऱ्हाणं घालून देवीची मर्जी विचारतात. लहानपणापासून हे बघत आलेय. सुचिताने आपल्या मनाचं एकच घातलं. सुरुवातीला आपला भोई निवडायचा असतो, आणि त्यात एक मुलगी आहे. वेणी घातलेली, ओढणी कमरेला बांधलेली. आमच्यात बाई पालखीला खांदा देत नाही.

मेळ्यात तिच्या टेबलापुढे रांग लागली. त्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला, पोरांनी गेम फोनमध्ये घेतला, आणि होळीच्या आधी गावकीचे अध्यक्ष दत्तात्रेय भावोजी आमच्या ओट्यावर येऊन बसले. नात्याने चुलत दीर, माणूस तसा वाईट नाही. पाणी प्यायले, यंदाच्या मोहोराचं बोलले, मग मुद्द्यावर आले.

"कमळ वयनी, ती पोरगी काढून टाका गेममदनं. न्हायतर यंदा पालखी तुमच्या दारात येनार न्हाय. गावकीचं ठरलंय."

तेव्हा मात्र मी घाबरले, खोटं कशाला बोलू. लग्न होऊन या घरात आल्यापासून देवीची ओटी भरल्याशिवाय माझा एकही शिमगा गेलेला नाही. मुंबईला राहणाऱ्यांची घरं वर्षभर कुलपात असतात, तीही पालखीसाठी उघडतात. दारावरून पालखी पुढे जाणं म्हणजे हे घर आमचं नाही असं गावाने सांगणं. पण माझं तोंड काही गप्प बसत नाही.

"भावोजी, शिमग्यात तुमचा मुलगा माझीच साडी नेसून गोमू होऊन नाचतो. मी इस्त्री करून देते. बाप्या बाई झालेला देवीला चालतो, आन् बाईनं खांदा दिलेला चालत न्हाय? हे तुमाला देवीनं सांगितलं, का गावकीनं?"

ते चप्पल घालून निघून गेले.

आमच्या मालकांनी मुंबईहून फोनवर 'काढा आणि मिटवा' म्हटलं. सुचिता तर लॅपटॉप उघडूनच बसली होती. म्हणाली, क्षणाचं काम आहे आई, तुझी ओटी चुकायला नको. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की मी लॅपटॉप मिटून टाकला.

"हात लावून तर बघ," मी म्हटलं. "देवीचं मी बघून घेते."

पालखीच्या दिवशी मी अंगण सारवलं, रांगोळी काढली, सुपात तांदूळ, नारळ, खण मांडला आणि दारात उभी राहिले. शेजारच्या केसरने कुंपणावरून विचारलं, तुमच्याकडे येणार नाही ना गं? मी म्हटलं, दार माझं आहे, मी उभी राहीन. तिने बिचारीने मान खाली घातली.

ढोल जवळ आला. केसरचं घर झालं. भावोजी सगळ्यांच्या पुढे, हाताने पुढचं वळण दाखवत होते. पालखीच्या पुढच्या दांडीला माझा पुतण्या हर्षद होता. पालखी माझ्या अंगणासमोरून जराशी पुढे गेली आणि थांबली.

"काय झालं रं?" भावोजींनी विचारलं.

हर्षदचं तोंड घामाने भिजलेलं. "जड झाली," तो म्हणाला.

भावोजींनी भोयांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. त्यातल्या प्रत्येक पोराने सुचिताचा गेम खेळला होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. पण देवी जड झालेली नाही, पोरं नाटक करतायत, असं अध्यक्षांना भर गावासमोर म्हणता येईना. तसं म्हटलं तर आजवर जितक्यांदा पालखी जड झाली, त्या सगळ्याचं काय? ढोल थांबला. शेवटी त्यांनीच हात जोडून गाऱ्हाणं घातलं, आणि पालखी वळून माझ्या दारात आली.

मी ओटी भरली. निघताना हर्षदने खांदा काढून सुचिताकडे पाहिलं, ये म्हणून. ती मागे सरकली. गेममध्ये मुलीला खांदा द्यायला लावणारी माझी पोर अंगणात मात्र घाबरली. तिचा राग नाही आला मला. इतक्या डोळ्यांसमोर कोणीही घाबरेल. मी रिकामं सूप तिच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला आणि हर्षदच्या जागी दांडीखाली शिरले. मागून भावोजी "वयनी" म्हणाले. मी वळले नाही.

खांद्यावर वजन आलं तेव्हा कळलं, पोरं खोटं बोलत नव्हती. पालखी जड होती. पण विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे आणणाऱ्या बाईला अडवेल, एवढी नव्हती.