म्हशीची झापड

आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर सहा परीक्षणं चिकटवलेली होती आणि सहाही परीक्षणांत एक वाक्य सारखं होतं: 'हा चित्रपट इथे बनलाय हे खरं वाटत नाही.' ईदला आमचा 'फिलफिल' लागला तेव्हापासून हेच वाक्य मी लिफ्टमध्ये, बेकरीत, चुलतबहिणीच्या साखरपुड्यात ऐकत होते. अगदी परदेशी वाटतो हो, असं म्हणून लोक माझा हात धरून ठेवायचे. कैरोत याहून मोठं कौतुक नाही. बावीस माणसांनी चार वर्षं संगणकासमोर बसून फिलफिल नावाचं एक बोलकं गाढव, एक म्हैस, दोन बदकं आणि एक उंट उभा केला होता, आणि दिग्दर्शक म्हणून पडद्यावर माझं नाव आलं होतं, रिहाम अल-दसूकी. मी फुगले होते, कशाला खोटं बोलू.

गुरुवारी सातवं परीक्षण आलं, मादाम इन्शिराह यांचं. तीस वर्षं ही बाई दर गुरुवारी कुणाचा तरी चित्रपट सोलून ठेवते आणि तीस वर्षं सगळे तिच्या नावाने बोटं मोडत तिचाच स्तंभ आधी वाचतात. तिने लिहिलं होतं: 'नव्वद मिनिटं पाच प्राणी तोंड मिटत नाहीत आणि एकालाही सांगायचं काही नाही. विनोद तुमच्या मुलांना पाठ आहेत, कारण ते त्यांनी आधीच परदेशी प्राण्यांच्या तोंडून ऐकलेत. म्हैस रहाट ओढते तीसुद्धा उघड्या डोळ्यांनी. कधीच रहाट न पाहिलेल्या माणसांनी काढलेला हा रहाट आहे. हा चित्रपट इथे बनलाय हे खरं वाटत नाही.'

वाक्य तेच, एक शब्दही इकडचा तिकडे नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. विनोदांचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण रहाट? शर्कियातल्या आमच्या गावी आजोबांच्या रहाटाला जुंपलेल्या म्हशीच्या डोळ्यांवर झापड मी बांधायचे, या हातांनी. झापड नसली तर म्हैस गरगरते आणि अडून बसते, हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे.

आमचे निर्माते उस्ताद वस्फी शांत होते. तांताहून पंधराव्या वर्षी कैरोत आलेला हा माणूस अजून कोटाच्या खिशात फुटाणे ठेवतो आणि बोलता बोलता तोंडात टाकत राहतो. संगणकावर काम करणारा प्रत्येक जण त्यांच्या लेखी इंजिनीयर.

"इंजिनीयरबाई, सहाजण चांगलं म्हणतायत, एक वाईट," ते म्हणाले. "म्हातारीला बसबूसा मिठाईचा ट्रे पाठव आणि रविवारी सहीला ये."

सही दुसऱ्या भागाच्या करारावर करायची होती. नाव ठरलं होतं 'फिलफिल बर्फात', आणि संगणकावरचे तयार पेंग्विन परदेशातून विकत घेऊनही झाले होते. म्हणजे माझी पुढची चार वर्षं पेंग्विनांची.

बसबूसा मी पाठवला नाही. शनिवारी सकाळी शुब्रा भागात मादाम इन्शिराह यांच्या घरी भांडायला गेले. चार मजले, लिफ्ट बंद. दार त्यांनीच उघडलं. घरातला गाउन, चष्मा कपाळावर, हातात मुलुखियाच्या पालेभाजीची जुडी.

"फिलफिलची आई ना तू? ये. भांडायचं असेल तर बसून भांड, मला जास्त उभं राहवत नाही."

मी बसले. त्यांनी अर्धी भाजी माझ्यापुढे ढकलली. रिकाम्या हातांनी कसं भांडायचं, म्हणून मी पानं खुडायला लागले.

"मादाम, तुम्ही चित्रपट नीट पाहिला तरी का?"

"दोनदा पाहिला. एकदा तुमच्या फुकटच्या खुर्चीवर आणि एकदा तिकीट काढून, सकाळी दहाच्या खेळाला, पोरांच्यात." त्यांनी टेबलावरून एक चुरगळलेला कागद उचलला. "दुसऱ्या वेळी मी पडद्याकडे बघत नाही. कुठलं पोर कधी मुतायला उठतं ते लिहिते. हे बघ. अकराव्या मिनिटाला चार जण, उंट नाचतो तेव्हा नऊ. शेवटच्या पाठलागाला तर आयासुद्धा उठल्या."

माझा चेहरा तापला. कागद खोटा नव्हता.

"एका ठिकाणी मात्र एकही उठलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हैस मध्येच उभी राहते. गाढव विचारतं, 'काय गं, थांबलीस का?' ती काही बोलत नाही. बारा सेकंद असतील. तीनशे पोरं होती आणि पॉपकॉर्नचाही आवाज नाही. ते कुणाचं?"

"माझं."

"बाकीचं?"

मी पानं जास्तच जोरात खुडायला लागले.

"ती का थांबते, ते सांग."

आणि मग चार वर्षांत कुणालाही न सांगितलेलं मी या मुलुखिया निवडणाऱ्या बाईला सांगितलं. पहिल्या लिखाणात म्हशीच्या, म्हणजे नवाराच्या, डोळ्यांवर झापड होती. तिला वाटतं आपण सरळ रस्त्याने प्रवासाला निघालोय. गाढव रोज तिच्या शेजारून चालतं आणि तिला खोटं खोटं सांगतं, हे झगाझीग गेलं, हा पूल आला, हे तांता. एक दिवस ती थांबते आणि विचारते, समुद्र आला का? आणि गाढवाला काही सुचत नाही.

मादाम इन्शिराह यांचे हात थांबले होते.

"मग?"

"म्हशीचं संगणकावरचं शरीर आम्ही तयार विकत घेतलं होतं. मुळात ती परदेशी गाय, आम्ही फक्त काळा रंग दिला आणि शिंगं वळवली. तिच्या तोंडावर झापड बसेना, कापड डोळ्यांत शिरायचं. वस्फी म्हणाले, आयांना वाटेल जनावराचा छळ चाललाय. आणि असलं कुठल्या चित्रपटात असतं, मोठमोठ्या देशांतल्या? म्हणून मग..."

"झापड कुणी काढली?"

"मी. एका दुपारी. तिचा प्रश्नही काढला, थांबणं तेवढं राहिलं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला न्याहाळलं.

"पोरी, मी फार सौम्य लिहिलं. मला वाटलं, तुला माहीतच नव्हतं."

एवढंच बोलल्या आणि परत पानं खुडायला लागल्या. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्यांनीही समजूत घातली नाही. निघताना खुडलेल्या भाजीतली निम्मी माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाल्या, "पुढचा वाईट केलास तरी लिहीनच." खाली उतरताना चौथ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत मी एकच गोष्ट ठरवत होते, आणि रस्त्यावर पाय ठेवला तेव्हा ती ठरली होती.

रविवारी वस्फींनी करार पुढे सरकवला आणि स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात दिलं. मी टोपण लावून ते टेबलावर ठेवलं.

"बर्फावरचा मी करणार नाही. त्याला दुसरं कुणी बघा. मी नवाराचा करेन. म्हैस पहिल्यापासून आपण बनवायची, आपली, आणि झापडेसकट."

"दीड तास डोळे बांधलेली म्हैस? इंजिनीयरबाई, त्या म्हातारीने चहात काही घातलं का?"

"चहा दिलाच नाही. भाजी निवडायला लावली. पाच मिनिटं द्या मला आणि डोळे मिटा."

"आता हे काय?"

"मिटा हो. नंतर हवं तर हाकलून द्या."

त्यांनी घड्याळ पाहिलं, दोन फुटाणे तोंडात टाकले आणि उपकार केल्यासारखे डोळे मिटले.

"तुम्ही नवारा. मानेवर जू आहे. गोल फिरताय, पण तुम्हाला ते माहीत नाही. मी शेजारी चालतेय, मी गाढव."

"ते दिसतंय," डोळे न उघडता ते म्हणाले.

मी सांगत गेले. झगाझीग मागे पडलं. आगगाडीचा रूळ आला, पाय जपून. ऊस लादलेली गाडी शेजारून गेली, तिचा धूर नाकात गेला. आता तांता आलं. मोठ्या मशिदीच्या मागची गल्ली, कढईत गरम वाळू, वाळूत फुटाणे तडतडतायत. वस्फींचं चावणं थांबलं. पहिलं दुकान हलव्याचं, मी म्हटलं, दुसरं फुटाण्यांचं, आणि तिसऱ्या दुकानाच्या पायरीवर एक...

पुढे मला येईना. त्या गल्लीत मी कधी गेलेच नव्हते, गाढवासारखी थापा मारत होते. मी गप्प झाले. करार आमच्या दोघांच्या मध्ये तसाच पडून होता आणि मी मनात म्हटलं, संपलं, आता हसतील.

वस्फी हसले नाहीत. खिशाकडे निघालेला त्यांचा हात मध्येच राहिला होता आणि डोळे अजून मिटलेले होते.

"काय गं," ते म्हणाले, "थांबलीस का?"